दर्याकडे उघडणारा टप

मास्तरांना जाऊन महिना झाला, त्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, मी गेलो होतो. नंतर चर्चच्या आवारात चहा होता. तिथे त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आता बऱ्यापैकी पोट सुटलेला एक गृहस्थ कप हलवत म्हणाला, "काय हौशी माणूस होता! जीपला झोपायचं छप्पर बसवलं होतं, आठवतं? उघडणारं!" आजूबाजूचे हसले. बेतानेच हसले, आवार चर्चचं होतं म्हणून.

हौशी! ज्याच्याकडे वेळ उरतो तो हौशी. कबुतरं पाळणारा, रविवारी बासरी शिकणारा. मास्तरांनी जे केलं त्याला हौस म्हणणं म्हणजे तहानेने विहीर खणणाऱ्याला पोहण्याचा शौकीन म्हणणं. हे मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. नाही बोललो. मी कमी बोलतो. लोक याला सभ्यपणा म्हणतात. माझी बायको दुसरा शब्द वापरते आणि तिचाच शब्द बरोबर आहे. म्हणून निदान लिहितो. त्या छपराचं ड्रॉइंग माझं होतं.

आम्ही साताऱ्याकडचे. नवीन लग्न झालेलं, मी मुंबईत एका कंपनीत ड्राफ्ट्समन. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात वसईजवळ वटारला मास्तरांच्या वाडीतल्या दोन खोल्या भाड्याने बघायला आलो. फाटकातूनच मी हाक मारली, "अंकल, खोली आहे ना?"

केळीच्या पानांतून एक उघडाबंब, काटकुळा माणूस कोयता घेऊन बाहेर आला.

"अंकल म्हणजे कोण? काका, मामा, का मावशीचा नवरा?"

मी गडबडलो.

"आधी नातं ठरव, मग ये." एवढं बोलून तो परत केळीत शिरला.

माझी बायको हुशार. तिने ओट्यावर पापलेट निवडत बसलेल्या बाईंना "मावशी" अशी हाक मारली आणि आम्हाला खोली मिळाली. त्यामुळे मास्तर नात्याने मावशीचे नवरे झाले. हाक मात्र मास्तर.

शाळेतून ते निवृत्त झाले होते, राग निवृत्त झाला नव्हता. तो कशावरही येई. "केळी डझनाने द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर येई ("झाडाला डझन लागतो का रे? घड लागतो घड!"). लग्नपत्रिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घावर येई, आणि मग ती पत्रिका लाल शाईने दुरुस्त होऊन वधूपित्याकडे परत जाई. एकदा पाहुण्याने उन्हाळ्यात "आज फार गरम होतंय" म्हटलं तर म्हणाले, "तुला होतंय. हवा उष्ण आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

त्यांच्या शिक्षेची गोष्ट गावात अजून सांगतात, पण विनोद म्हणून. इतर मास्तर चुकलेल्या पोराला बाकावर उभं करत. हे त्याला खाली बसवत. वर्ग उभा आणि गुन्हेगार बसलेला. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा काय प्रकार? मास्तर म्हणाले, "उभं राहणं हा मान आहे, साहेब. तो मी शिक्षेत खर्च करत नाही." साहेबांनी वहीत काय लिहिलं कोण जाणे. पण हे वाक्य गंमत म्हणून बोललेलं नव्हतं, हे कळायला मला जीपचं छप्पर लागलं.

जीप लष्कराने मोडीत काढलेली. तिच्यातून केळीचे घड बाजारात जात आणि रविवारी मावशी चर्चला जात. वर कॅनव्हासचा टप, तोही फाटका. मास्तरांचा पुतण्या आखातातून सुट्टीवर आला तेव्हा त्याने गाड्यांचं एक इंग्रजी मासिक आणलं. त्यात वाळवंटात उभ्या केलेल्या दणकट गाड्या होत्या, आणि त्यांची छपरं वर उघडलेली. आत माणसं झोपलेली, चहा पीत बसलेली. मास्तरांनी ते मासिक उशाशी ठेवलं. आठवडाभराने मला बोलावणं आलं.

"तू रेघा मारतोस ना पोटासाठी? मग बस. आपल्याला छप्पर निवडायचंय."

आम्ही ओट्यावर बसून निवडलं. निवडलं म्हणजे त्यांनी एकेकाला झोडपलं आणि मी ऐकलं. पहिल्या जातीत गाडीच्या डोक्यावर घडीचा तंबू असे आणि शिडीने वर चढायचं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं माळा. "या वयात ही लुगडं सावरत शिडी चढणार? बाजूला!" दुसऱ्या जातीत छप्पर चारही कोपऱ्यांतून सरळ वर उचलायचं, भोवती चारही बाजूंनी कापड. तिचं नाव पेटी. "ही जत्रेतली मुतारी आहे. बाजूला!" राहिली तिसरी. तिच्यात छपराला एका टोकाला बिजागऱ्या, दुसरं टोक जबड्यासारखं वर. ती मगर. मगरीला कापड तीनच बाजूंना लागतं, वजन कमी, उचलायला सोपी. व्हॅनच्या डिकीला असतात तसले दोन दांडे लावले की झालं. मगर पास झाली.

मी विचारलं, "पण मास्तर, जायचंय कुठे? गोवा?"

"पाचूबंदर."

मला हसू आलं. वटारहून पाचूबंदर म्हणजे एसटीने गप्पा रंगेपर्यंत येणारं ठिकाण. तिथे मुक्कामाला कशाला जातं कोणी? मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या क्षणी खाली बसलेला विद्यार्थी झालो.

मग त्यांनी सांगितलं. मावशी पाचूबंदरच्या, कोळ्यांच्या घरातल्या. मास्तर वाडीवाले, बागायतीतले. दोघंही एकाच धर्माचे, एकाच बिशपचे, एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारे. पण वाडीवाल्याने दर्यावाली करायची नाही आणि दर्यावालीने वाडीत जायचं नाही, हे कोणत्याही पुस्तकात नसलेलं कलम दोन्हीकडे तोंडपाठ. यांनी लग्न केलं. मावशींच्या वडिलांनी सांगितलं, ही माझ्या छपराखाली पुन्हा येणार नाही. वडील वारले तेव्हा मावशी मातीला गेल्या आणि दफनभूमीतूनच परत आल्या. घरी चल असं कोणी म्हणालं नाही. वडिलांमागे भावाने तेच चालवलं. बाजारात समोरून आला तर भाऊ रस्ता ओलांडत असे.

"आणि आमच्याकडचे लोक काय साधू होते असं समजू नकोस," मास्तर म्हणाले. "लग्नानंतर ही पहिल्यांदा आली ती डोक्यावर टोपली घेऊन. बापाने दिलं नाही म्हणून स्वतः बंदरावर मासळी घेतली, सासूला भेट. माझ्या आईने फाटकात थांबवलं. म्हणाली, ती टोपली खाली ठेव, मग आत ये. टोपलीला वास येतो. हिने ठेवली. मी तिथे उभा होतो. उभा!"

हा शेवटचा शब्द ते स्वतःवरच ओरडले.

"आता हिचं म्हणणं एवढंच आहे की एकदा संध्याकाळची घंटा पाचूबंदरला ऐकायची. दर्यासमोर. स्वतःच्या छपराखाली उभं राहून. तिथे हिला कोणी छप्पर देत नाही ना? मग मी घेऊन जातो छप्पर. माझ्या बायकोच्या डोक्यावर छप्पर असल्याशिवाय ती त्या गावात उभी राहणार नाही."

वसईच्या जुन्या ख्रिस्ती घरांत ही रीत मी रोज पाहत होतो. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की असेल तिथे थांबायचं, उभं राहायचं, हात जोडायचे. एकाने प्रार्थनेची ओळ म्हणायची, बाकीच्यांनी तिला उत्तर द्यायचं. मावशी तव्यावरची भाकरी करपू देत, पण थांबत. मासिकातल्या सगळ्या छपरांत झोपायची सोय होती. मास्तरांना उभं राहायची हवी होती.

दुसऱ्या दिवशी माप घेतलं. मास्तरांनी मावशींना जीपमध्ये उभं केलं आणि घरातून मासळीची टोपली आणून त्यांच्या डोक्यावर ठेवली.

"आवो, काय करते हो तुमी?" मावशी लाजून लाल. "लोक बघते!"

"बघू दे. ए, टोपलीच्या वरून माप घे. आमच्या आईने उतरवली होती, आपण वर चढवतोय. एक बोटभर जागा जास्त ठेव."

मी माप घेतलं. माझ्या ड्रॉइंगवर उंचीच्या रेघेशेजारी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: "टोपलीसह". वसई पूर्वेच्या गाळ्यातला फॅब्रिकेटर ते वाचून मला म्हणाला, "साहेब, हे टोपली मॉडेल कुठल्या कंपनीचं?" मी त्याच्याबरोबर हसलो.

आता मुद्द्याचं. मासिकातल्या प्रत्येक मगरीला बिजागऱ्या पुढे होत्या, काचेच्या वर. जबडा मागे उघडायचा. त्याला कारण आहे. गाडी पळताना वारा पुढून येतो, छपराला दाबतो. आणि गाडी उभी करताना जबड्याचं तोंड वाऱ्यापासून वळवून उभी करायची. मास्तरांना बिजागऱ्या मागे हव्या होत्या आणि जबडा पुढे, काचेच्या वर. पुढची काच बोनेटवर आडवी करायची आणि समोर थेट दर्या.

"मास्तर, जबडा मागेच ठेवू. तिथे जीप उलटी लावायची, मागची बाजू समुद्राकडे, म्हणजे..." मी सुरुवात केली.

ओट्यावरून मावशी म्हणाल्या, "दर्याला पाठ नाय करायची, पोरा. कोली मानूस दर्याला पाठ दावत नाय."

"ऐकलंस?" मास्तर म्हणाले. "माणसाचीच नव्हे, गाडीचीसुद्धा पाठ दाखवायची नाही."

मला दिसत होतं. पश्चिमेचा वारा, पश्चिमेला उघडलेलं तोंड. ते छप्पर म्हणजे शीड होणार. माझं शिक्षण तेवढं होतं. मास्तरांनी ड्रॉइंग उन्हात धरून पाहिलं आणि सरळ विचारलं, "बरोबर आहे ना सगळं?"

मी म्हणालो, "हो."

का म्हणालो? त्यांच्या रागाला भ्यालो. भाड्याची खोली होती. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी वाटत होतं, म्हाताऱ्याचा खेळ आहे, फाटला तर फाटला. म्हणजे चर्चबाहेर कप हलवणाऱ्या त्या गृहस्थाचा "हौशी" हा शब्द तेव्हा माझ्याही डोक्यात होता. आज मी त्याच्यावर चिडतो ते या भांडवलावर!

टप बसला. पांढऱ्या फायबरचा, आतून निळा रंग, तीन बाजूंना जाड कॅनव्हास, त्यातला पुढचा म्हणजे गुंडाळता येणारा पडदा. गावाला करमणूक झाली. एसटीच्या थांब्यावर रोज नवीन टोमणा. "मास्तर, हनिमून का?" "मास्तर, घर गळतंय वाटतं!" "वटारहून पाचूबंदरला मुक्काम, मग पुढल्या वर्षी फाटकाबाहेर तंबू!" हे बोलणाऱ्यांत पाचूबंदरची गोष्ट माहीत नसलेलं एकही माणूस नव्हतं. मला याची चीड आहे. कोण कोणाच्या घरी का जात नाही हे यांना आजोबा-पणजोबांपर्यंत पाठ. आणि त्यावर एखादा माणूस उपाय काढतो तेव्हा यांना फक्त जीप दिसते. मीही थांब्यावर उभा असे. दात काढत.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही गेलो. मास्तर चालवायला, शेजारी मावशी ठेवणीतल्या लाल लुगड्यात, मागे मी, टप उघडायला मदत म्हणून. पाचूबंदरला होड्या लागल्या होत्या, मासळीचा लिलाव उरकला होता, जाळी वाळत घातलेल्या मोकळ्या जागेत मास्तरांनी जीप तोंड दर्याकडे करून थांबवली. बायका टोपल्या आवरता आवरता थांबल्या. मावशींना ओळखणाऱ्या त्यात बऱ्याच असतील. एकीनेही हाक मारली नाही.

आम्ही काच आडवी केली, सीटच्या पाठी पाडल्या, टप वर ढकलला. दांडे ताठ झाले. मावशी उभ्या राहिल्या. डोक्यावर भरपूर जागा. मास्तर शेजारी उभे राहिले. मास्तरांनी पुढचा पडदा गुंडाळला आणि त्याच वेळी वारा आत आला.

आधी कापड फुगलं. मग सगळा टप मागच्या बिजागऱ्यांवर कुरकुरला आणि आणखी वर जायला लागला. एक दांडा सटकन निसटला. मी एका बाजूला लोंबकळलो, मास्तर दुसऱ्या. मावशी मध्ये तशाच उभ्या, दोन्ही हातांनी पदर धरून.

"पडदा खाली सोडा! वाऱ्याकडे तोंड नकोच होतं!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी मास्तरांवर ओरडत होतो.

"मग तेव्हा का बोलला नाहीस?" मास्तर तिकडून ओरडले.

मी माझ्या बाजूचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढत राहिलो.

तेवढ्यात होड्यांच्या बाजूने एक माणूस पळत आला. रुंद, पांढऱ्या केसांचा, अंगात बनियन, खांद्यावर होडीच्या दोराचं वेटोळं. त्याने दोर टपाच्या पुढच्या कडेवरून फेकला, पलीकडून पकडला, बंपरखालून घेतला आणि दोन्ही टोकं हातात घेऊन पाय रोवले. टप जागेवर आला.

"तोंड वाऱ्याकडं कोन ठेवते?" तो गुरकावला. बोलला ते माझ्याकडे बघून. मावशींकडे त्याने पाहिलंच नाही. त्यावरून मी ओळखलं, हा त्यांचा भाऊ. मास्तरांच्या घरात त्याचा उल्लेख "तो" एवढाच होता.

मास्तरही ओळखून चुकले होते. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"सोड तो दोर!"

"सोडला तर उडून जाल खाडीपार."

"उडू दे! बहिणीला छप्पर दिलं नाहीस कधी, आता माझं धरायला आलास? सोड म्हणतो ना!"

"मास्तर, तोंड सांभाळा."

"तूच सांभाळ! बापाच्या मातीवरून हिला परत पाठवलीत तेव्हा कुठे होता हा दोर?"

बायका जवळ सरकल्या होत्या. दोन तरणे मच्छीमार होडीवरून उतरून येत होते. आता हातघाईवर येणार, असं मला वाटलं. भावाने दोराचं एक टोक बंपरला गुंडाळायला घेतलं. बांधून निघून जायचा त्याचा विचार स्पष्ट दिसत होता. त्याचा पहिला वेढा पडायच्या आत चर्चची घंटा झाली.

सगळं थांबलं. टोपल्या आवरणाऱ्या बायका उभ्या राहिल्या, उतरणारे तरणे पोरगे जिथल्या तिथे, एकाचा पाय पाण्यात. मास्तरांचं तोंड शिवी द्यायला उघडलं होतं, ते मिटलं. आणि तो भाऊ दोन्ही हातांत दोर ताणून जीपच्या तोंडासमोर. त्याला हलता येईना. घंटा होताना चालू पडणं त्याच्या हाडात नव्हतं. दोर सोडता येईना, सोडला तर छप्पर बहिणीच्या डोक्यावरून जाणार. हात जोडायला हात मोकळे नव्हते.

मास्तरांनी पहिली ओळ म्हटली. आवाज रागाने थरथरत होता, पण म्हटली. मावशींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उत्तर समोरून आलं. दाट, खर्जातलं, दोराच्या ताणाबरोबर अडखळणारं. मावशींचा आवाज त्यात एक शब्द उशिरा मिसळला. दुसरी ओळ, दुसरं उत्तर. तिसरी. तो आमच्याकडे पाहत नव्हता, दोराकडे पाहत होता. मी हिंदू, मला उत्तरं येत नव्हती. मी नुसता दांडा धरून उभा होतो.

प्रार्थना संपली. त्याने दोर बांधला, गाठ हाताने ओढून पाहिली आणि होड्यांमधून निघून गेला. मागे न बघता. बहिणीशी एक शब्द नाही, घरी चल नाही, कशी आहेस नाही. अंगाची लाही झाली माझी. इतकी वर्षं गेली, अजून होते. दोर द्यायला येतो आणि शब्द द्यायला येत नाही, हा काय माणूस आहे?

परतीच्या वाटेवर हेच मास्तर बोलत होते, माझ्या दसपट जोरात. "दगड आहे दगड! बोलला का एक शब्द?"

"बोलला की," मावशी म्हणाल्या. "आखी प्रार्थना बोलला." मग, "आवाज बाचा झालाय त्याचा. मी डोले मिटले तर बा उभा."

मला वाटलं, आता तरी माझं काम करावं. मी मागून म्हणालो, "मास्तर, चूक माझी होती. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. बिजागऱ्या पुढे घेऊ, जबडा मागे. मी सोमवारी रजा टाकतो."

"हात लावू नको," मावशी म्हणाल्या. "तोंड हाय तसंच ऱ्हाऊ दे."

"अहो मावशी, पुन्हा वारा आला तर?"

"येऊ दे की. धरायला कोन ना कोन येईल."

"कोन ना कोन काय?" मास्तर स्टिअरिंगवर हात आपटून ओरडले. "नाव आहे ना त्याला? नाव घे!"

मावशींनी नाव घेतलं.